मुकादम मॅडमची किळस

मुकादम मॅडमना किळस फार लवकर यायची. पेनाचं चावलेलं टोपण, कपाच्या कडेवर राहिलेला ओठांचा डाग, जिभेला बोट लावून कागद उलटणारा माणूस, यातलं काहीही पुरायचं. त्या ओरडायच्या नाहीत की नाक मुरडायच्या नाहीत. दुकानाचं शटर खाली ओढावं तसा त्यांचा चेहरा बंद व्हायचा आणि पुढचं सगळं बोलणं त्या शटरच्या आतून ऐकू यायचं.

मला त्यांच्याविषयी आदर होता, हे आधीच सांगते. पुढे जे लिहिते आहे त्यात किळस पुष्कळ आहे. त्यातली बरीच त्यांची. उरलेली माझी, माझ्या स्वतःबद्दलची.

आमची संस्था खालापूरच्या अलीकडे, महामार्गापासून जरा आत. दहावी-बारावी झालेल्या मुलींना वर्षभराचं तांत्रिक शिक्षण द्यायचं आणि आसपासच्या कारखान्यांत कामाला लावायचं, असा तिचा हेतू. मी तिथे संभाषणकौशल्य शिकवायची. मुलाखतीला कसं बसावं, उत्तर येत नसेल तर काय म्हणावं, अशा गोष्टी. शमीम मुकादम संगणक कक्ष सांभाळायच्या. वय पन्नाशीच्या पुढे. लग्न केलेलं नव्हतं. त्यांचं घराणं मूळचं श्रीवर्धनकडचं, आजोबा व्यापारासाठी खोपोलीला आले आणि इथलेच झाले. खोपोलीतच शिळफाट्याला भावाचं टाइल्सचं दुकान होतं, वर घर. तिथून त्या रोज स्कूटरवरून यायच्या, आणि स्कूटर लावली की सीट पुसायच्या. येताना धूळ बसली ती जाईपर्यंत तशीच का ठेवायची, असं त्यांचं म्हणणं.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती माझ्या लॅपटॉपमुळे. त्याची दोन-तीन बटणं अडकत होती म्हणून मी तो त्यांच्याकडे नेला. त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, लॅपटॉप उघडून त्यावर पालथा धरला आणि पाठीवर हलकेच थापट्या मारल्या. कागदावर फरसाणाचा चुरा पडला, केस पडले, एक वाळकी मुंगी पडली, आणि शेवटी कापलेल्या नखाचा एक तुकडा.

"नख तुमचंच का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "असेल."

"असेल म्हणजे काय? दुसऱ्याचं असेल तर जास्त वाईट."

मग त्यांनी कापसाच्या काड्या आणि स्पिरिटची बाटली काढली आणि तासभर एकेक बटण साफ करत बसल्या. मला राग आला होता. पण घरी गेल्यावर मी पहिल्यांदा पाहिलं, की आपण ज्याच्यावर रोज हात ठेवतो त्याचा मूळ रंग काळा होता, करडा नव्हे.

त्यांची किळस सगळ्याच घाणीला लागू नव्हती. भातलावणीच्या दिवसांत मुली पहाटेपासून शेतात राबून थेट वर्गावर यायच्या, पोटऱ्यांवर वाळलेला चिखल घेऊन. प्राचार्य त्यांना दारातच अडवायचे. मुकादम मॅडम त्यांना आत घ्यायच्या, चिखलाचे पाय खुर्चीखाली आहेत तोवर काही बिघडत नाही म्हणायच्या. एकदा एक मुलगी भर वर्गात ओकली. शेजारच्या मुली बाकं सोडून भिंतीला चिकटल्या. मॅडमनी मावशींची वाटही पाहिली नाही. स्वतः राख आणली, स्वतः भरलं, पुसलं, मुलीच्या तोंडावर पाणी मारलं. मी नंतर विचारलं, तुम्हाला शिसारी आली नाही का.

"उलटीची कसली शिसारी," त्या म्हणाल्या. "पोटातलं बाहेर आलं, संपलं. आत ठेवून वरून पावडर लावतात त्याची मला येते."

खोटं बोलणाऱ्याच्या तोंडाला वास येतो, असंही त्या म्हणायच्या. मला ती बोलण्याची पद्धत वाटायची. पण त्यांचा खरोखरच तसा अनुभव होता. "उपाशी माणसाच्या तोंडाला येतो ना, तसा," त्या सांगायच्या. "मी काय करू? मला येतो."

आमच्या अभ्यासक्रमात एक अडचण होती. यंत्राच्या सुट्या भागांची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालायचं. वर्षाच्या उत्तरार्धात मुलींना सर्व्हर आणि नेटवर्क शिकवायचं, ते लिनक्सवर. अंतिम परीक्षा दोन्हींची. कक्षातल्या जुन्या संगणकांवर मॅडमनी दोन्ही सिस्टीम घातल्या होत्या, पण कक्ष साडेचारला बंद व्हायचा आणि मुलींना एसटी गाठायची असायची. घरी सराव करायला काही नव्हतं. मग एका कारखान्याने तीस लॅपटॉपसाठी निधी द्यायचं कबूल केलं. मुलींनी ते वर्षभर घरी न्यायचे, वर्ष संपलं की परत करायचे. कोणता लॅपटॉप घ्यायचा ते मुकादम मॅडमनी ठरवायचं.

एका लॅपटॉपवर दोन सिस्टीम म्हणजे नेमकं काय, हे मला तेव्हा कळत नव्हतं. त्यांनी समजावलं ते असं. "एका घरात दोन जावा आहेत समजा. दोघींची चूल वेगळी, भांडी वेगळी, डबे वेगळे. घरात शिरायचं दार मात्र एक. दारात कुणीतरी विचारणारं पाहिजे, कुणाकडे आलात? तुम्ही सांगाल तिच्याकडे तुम्हाला सोडतील. पण दोन चुली मांडायच्या तर घरात तेवढी जागा पाहिजे ना? लोक एका खोलीचं घर घेतात आणि म्हणतात, दोन चुली मांडा."

कर्जतची दुकानं माझ्या पायाखालची. मी तिथेच, भिसेगावात राहते. म्हणून एका रविवारी त्या मला सोबत घेऊन निघाल्या. पहिलंच दुकान काचेचं, वातानुकूलित, गुळगुळीत. विक्रेता पंचविशीतला, केसांना जेल लावलेला. त्याने एक चंदेरी, पातळ लॅपटॉप पुढे केला.

"यावर दोन्ही सिस्टीम चालतात?" मॅडमनी विचारलं.

"चालतात ना. सगळ्यांवर चालतात."

"चालवून दाखवा."

तो हसला. मॅडमनी पर्समधून पेनड्राइव्ह काढला. त्यावरून लिनक्स थेट सुरू करता येत असे, आत काही न घालता. पाच मिनिटांत पडदा उजळला. पण वायफाय दिसेना, आणि बोट फिरवायची पट्टी मेलेली.

"मॅडम, ते नंतर आपोआप होतं," विक्रेता म्हणाला.

मी मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं. शटर खाली आलं होतं. त्या एक पाऊल मागे सरकल्या आणि मला म्हणाल्या, "चला."

त्या दिवशी आम्ही चार दुकानं केली. चौथं स्टेशनजवळच्या बोळात होतं, पंख्याखाली घामेजलेला मालक एकटाच. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मला नाही माहीत. लावून बघा तुम्हीच." मॅडमचा चेहरा लगेच उघडला. त्याच्याकडचा एक जाडजूड, काळा, कचेरीत वापरतात तसला लॅपटॉप त्यांनी निवडला. वायफाय दिसलं, पट्टी चालली. मग त्यांनी तो पालथा केला, स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "काढा."

मी आठ स्क्रू काढले. आयुष्यात पहिल्यांदा मी लॅपटॉपचं पोट पाहत होते. त्यांनी बोट दाखवून सांगितलं. ही मेमरीची पट्टी, एक बसवलेली, एक जागा रिकामी, उद्या वाढवता येईल. ही साठवण, पाचशे बारा जीबी, यात दोन्ही चुली आरामात बसतात. ही निघते, बदलता येते. "जे उघडता येतं ते घ्यायचं," त्या म्हणाल्या. "दिसायला रेडा का असेना. कळलं ना आता?"

मला कळलं होतं. अगदी नीट कळलं होतं. हे मुद्दाम लिहून ठेवते.

नमुना मंजूर झाला. पुरवठ्याचं काम गेलं आमच्या अध्यक्षांच्या साडूकडे. अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणायचे. गणपती झाल्यावर तीस खोकी टेंपोतून आली. मॅडमनी पहिलं खोकं उघडलं, लॅपटॉप बाहेर काढला, पालथा केला आणि तळाच्या स्टिकरच्या कोपऱ्यावरून नख फिरवलं. कोपरा उचलला गेला. वरच्या स्टिकरवर आम्ही निवडलेल्या मॉडेलचा क्रमांक. त्याच्याखाली दुसरा स्टिकर, दुसराच क्रमांक.

त्यांनी तो सुरू केला. मेमरी निम्मी. साठवण चौसष्ट जीबी, आणि त्यातली बहुतेक विंडोजनेच व्यापलेली. स्क्रू काढले तर आत काहीच सुटं नाही, सगळं मुख्य पट्टीवर डाग देऊन पक्कं केलेलं. ना वाढवता येत, ना बदलता येत. त्यांनी दोन दिवस लावून तीसच्या तीस उघडून पाहिले. सगळे तसेच. मग बाथरूममध्ये जाऊन हात धुतले आणि प्राचार्यांना सांगितलं, की खरेदी समितीची सदस्य म्हणून मी सही करणार नाही.

भाऊ स्वतः आले. बैठक संगणक कक्षातच झाली. मीही होते, कारण चहा-नाश्त्याची व्यवस्था माझ्याकडे. टेबल भरलेलं म्हणून भज्यांची थाळी एका खोक्यावर ठेवली होती. तेल पुठ्ठ्यात मुरत चाललं होतं, डाग पसरत होता. भाऊ भजं खायचे आणि बोटं खोक्याच्या झाकणाला पुसायचे. मुकादम मॅडम त्या झाकणाकडे पाहत उभ्या होत्या.

"मॅडम, दोन-दोन सिस्टीम कशाला पाहिजेत?" भाऊ म्हणाले. "एक धड शिकवा ना पोरींना."

"परीक्षा दोन्हीची आहे."

"आता बाहेरून तर सेम टू सेम दिसतोय."

"बाहेरून तसा दिसावा म्हणूनच स्टिकर चिकटवलाय."

प्राचार्य पंख्याकडे पाहायला लागले. भाऊंनी करंगळीच्या नखाने दाढेतलं काहीतरी काढलं, ते पाहिलं आणि पुन्हा तोंडात टाकलं. "साडू आहे माझा," ते शांतपणे म्हणाले. "आपल्याच संस्थेला फसवेल का?"

"त्यांनाच विचारा," मॅडम म्हणाल्या. "मी सही करणार नाही."

आठवड्याभराने प्राचार्यांनी मला बोलावलं. खरेदी समितीची पुनर्रचना झाली होती. मुकादम मॅडमवर कामाचा ताण फार आहे म्हणून त्यांच्या जागी माझं नाव घातलं होतं. मी म्हटलं, सर, मी भाषेची बाई. ते म्हणाले, म्हणूनच. मग म्हणाले, "तुमचं कायम करायचं प्रकरण भाऊंकडे गेलंय. सहा वर्षं झाली ना कंत्राटावर?"

पुढे केलेल्या कागदावर एक ओळ होती फक्त. 'सर्व यंत्रे मंजूर नमुन्याप्रमाणे असल्याची खात्री केली.' पेन त्यांनी आपल्या खिशातून काढून दिलं. छातीच्या घामाने ते कोमट आणि चिकट झालेलं होतं. मी सही केली. बाहेर येऊन बोटं साडीला पुसली. सही करताना मला त्या कोमट पेनाची किळस आली होती, केल्या कामाची नाही. ती यायला वेळ लागला.

लॅपटॉपवाटपाचा समारंभ झाला. सगळ्या लॅपटॉपना हळदकुंकू वाहिलं, फुलं वाहिली. मुली एकेक करून पुढे आल्या, भाऊंनी फोटोसाठी प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवला. बटणांच्या फटींत कुंकू गेलं. मॅडमनी पुढचे दोन दिवस तीसही लॅपटॉप गोळा करून काडीने साफ केले. "यंत्र कसंही असो," त्या मला म्हणाल्या, "मुलींच्या हाताला घाण का लागावी?" त्या मला म्हणाल्या, कारण आम्ही रोज एकत्रच चहा घ्यायचो. त्यांच्या जागी समितीत कोण आलं हे त्यांनी विचारलं नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं. डब्यात सुकट असली की त्या आधी सांगायच्या, "वास सहन होत नसेल तर मी बाहेर बसते." मी म्हणायची, छे, बसा ना. असे सहा महिने मी त्यांच्यासमोर बसून खाल्लं.

मुलींना त्यांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. या लॅपटॉपमध्ये दुसरी सिस्टीम घालायला जागा नाही, घालू नका. मी प्रत्येकीला पेनड्राइव्ह देते, त्याच्यावरून चालवा. हळू चालेल, पण चालेल.

हळू म्हणजे फारच हळू चालायचं. अर्चना नावाची एक मुलगी होती, कर्जतच्या वर डोंगराखालच्या गावातली. वडील एका फार्महाउसवर राखणीला. वर्गातली सगळ्यात हुशार. कुंभिवलीच्या एका कारखान्याने तिला मुलाखतीत निवडलंही होतं, प्रमाणपत्र मिळालं की रुजू व्हायचं होतं. परीक्षेला आठ दिवस राहिले असताना तिने घरी दुसरी सिस्टीम घालायला घेतली. पडद्यावर प्रश्न आला, कुठे घालू. पहिलीच्या शेजारी, हा पर्याय दिसलाच नाही, कारण शेजारी जागाच नव्हती. जो पर्याय दिसला तो तिने दाबला. विंडोज पुसलं गेलं. त्याबरोबर चित्रांचं सॉफ्टवेअर गेलं आणि तिची वर्षभराची चित्रंही गेली. नवी सिस्टीम सुरू झाली तर तिला वायफाय दिसेना. दुसऱ्या दिवशी अर्चना लॅपटॉप ओढणीत गुंडाळून घेऊन आली, आजारी लेकराला दवाखान्यात आणावं तशी.

मॅडम तिच्यावर रागावल्या नाहीत. पुढचे पाच दिवस साडेचारनंतर कक्ष उघडा ठेवून त्यांनी तिच्याकडून चित्रं पुन्हा काढून घेतली आणि तिला स्कूटरवरून एसटीपर्यंत सोडलं. तिची परीक्षा झाली. पण मधल्या काळात प्राचार्यांपर्यंत बातमी गेली होती. संस्थेच्या मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून अर्चनाचं प्रमाणपत्र अडवण्यात येत आहे, अशी नोटीस निघाली आणि वडिलांना बोलावलं गेलं.

प्राचार्यांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. प्राचार्य, मॅडम, अर्चना, तिचे वडील आणि मी. वडील खुर्ची असून बसले नव्हते.

"सायब, पोरीनं मुद्दाम नाय केला," ते म्हणाले. "आमाला त्यातलं काय कळत नाय. पण तिचा कागद तेवढा अडवू नका. लागलेली नोकरी हाय."

मॅडमनी लॅपटॉप प्राचार्यांच्या टेबलावर पालथा ठेवला आणि स्क्रू काढले. "हे बघा सर. इथे निघणारी साठवण हवी होती. आपण नमुना घेतला त्यात होती. या यंत्रात दोन सिस्टीम बसूच शकत नाहीत. आपण मुलीला दोन्हीची परीक्षा लावली आणि एकीचीच जागा दिली. चूक तिची कशी?"

प्राचार्यांनी पोट उघडलेल्या लॅपटॉपकडे पाहिलंही नाही. कपाटातून फाइल काढली. "यंत्रं नमुन्याप्रमाणेच होती. समितीने खात्री केलेली आहे. ही सही."

मॅडमनी चष्मा लावला. वाचलं. मग चष्मा न काढता माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. त्या हळू म्हणाल्या, "असू दे. ठोंबरे मॅडम, कर्जतच्या दुकानात तुम्ही स्वतः आठ स्क्रू काढले होतेत. सरांना एवढंच सांगा, की तो लॅपटॉप हा नव्हे. बाकी काही बोलू नका."

अर्चना माझ्याकडे पाहत होती. मुलाखतीत नजर खाली टाकायची नाही, हे मीच तिला शिकवलं होतं. प्राचार्यही पाहत होते.

मी म्हटलं, "मला यातलं तांत्रिक काही कळत नाही."

मुकादम मॅडम उठल्या, माझ्या खुर्चीमागून गेल्या आणि खिडकी उघडली. थोडा वेळ तिथेच बाहेर तोंड करून उभ्या राहिल्या. मग परत येऊन अर्चनाला म्हणाल्या, "तुझ्या वहीतला एक कागद दे गं."

त्यांनी उभ्यानेच लिहिलं. मी नंतर तो कागद पाहिला. 'सदर विद्यार्थिनीने माझ्या सांगण्यावरून दुसरी सिस्टीम घातली. झालेल्या नुकसानीस मी जबाबदार आहे.' खाली सही.

"मॅडम, तुम्ही तर घालू नका म्हणाल्या होतात," अर्चना म्हणाली.

"गप्प बस गं," मॅडम म्हणाल्या. "सर, आता हिचा कागद द्या."

प्राचार्यांना तेच हवं होतं. जबाबदार माणूस मिळाला की त्यांचं काम संपत असे. अर्ध्या तासात प्रमाणपत्रावर शिक्का बसला. वडील मॅडमच्या पाया पडायला वाकले तेव्हा त्या चटकन मागे झाल्या आणि अर्चनाला म्हणाल्या, "बाबांना घेऊन जा. एसटी चुकेल."

नंतर मी त्यांना शोधत गेले. त्या बेसिनपाशी होत्या, कोपरापर्यंत हात धूत. साबण लावायच्या, धुवायच्या, परत लावायच्या. मी मागे उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्यांनी आरशात मला पाहिलं असावं. मागे न वळता त्यांनी विचारलं, "ठोंबरे मॅडम, त्या वासाची सवय होते का हो?"

टोमणा नव्हता. त्यांनी खरंच विचारलं होतं. आपण आत्ता लिहिलेलं खोटं नाकातून कधी जाणार, हे त्यांना माहीत करून घ्यायचं होतं आणि माहितगार म्हणून त्या मला विचारत होत्या. मी तिथून निघून आले.

वर्ष संपताना त्यांना कमी करण्यात आलं. त्यांच्याच कागदाचा आधार घेऊन. जाताना त्यांनी कक्षातली प्रत्येक वायर गुंडाळून, प्रत्येकीला चिठ्ठी बांधून ठेवली होती. निरोपसमारंभ झाला नाही. जूनमध्ये मी कायम झाले. प्राचार्यांच्या खोलीत माझ्या तोंडात पेढा घातला गेला. त्या पेढ्याला कुणाच्या तरी बोटांचा, तपकिरीचा वास होता. मी तो गिळला.

यानंतर मी मुकादम मॅडमना एकदाच पाहिलं, दीड वर्षाने. नेरळला माझी बहीण असते. तिच्या मुलीला, कृतिकाला, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि तिला दोन सिस्टीम चालतील असा लॅपटॉप घ्यायचा होता. तिच्या मैत्रिणीने तिला पत्ता दिला होता. "शिळफाट्याला टाइल्सच्या दुकानात एक मॅडम बसतात, मावशी. त्या नीट समजावून सांगतात. पैसे घेत नाहीत." मला कळलं होतं आपण कुठे चाललोय. तिला एकटीला पाठवता आलं असतं. मी गेले.

दुकानाच्या मागच्या बाजूला टाइल्सच्या खोक्यांवर फळी टाकून त्यांनी टेबल केलं होतं. केस पूर्ण पांढरे झाले होते. तीन मुली जुने, जाड लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. एकीचा उघडलेला होता.

"ही माझी मावशी," कृतिका म्हणाली.

"ओळखते," मॅडम म्हणाल्या. "एकत्र नोकरीला होतो आम्ही." एवढंच. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि त्या कृतिकाकडे वळल्या. कॉलेजात काय शिकवणार, चित्रं काढायची आहेत का, रोज प्रवास किती, पाठीवर वजन किती झेपेल, सगळं विचारलं. मग तिला लिहून घ्यायला लावलं. मेमरीची रिकामी जागा पाहायची. साठवण पाचशे बाराच्या खाली नको. वायफाय पेनड्राइव्हवरून तपासायचं. आणि दुकानदार उघडू देत नसेल तर घ्यायचाच नाही. कृतिका भराभर लिहीत होती, मध्येच प्रश्न विचारत होती, आणि मॅडमचा चेहरा लख्ख उघडा होता. पाऊण तास मी तो पाहिला.

निघताना मी म्हटलं, "मॅडम, मला जरा बोलायचं होतं."

"बोला ना," त्या म्हणाल्या.

कृतिका शेजारी उभी होती, वही छातीशी धरून. तिच्या डोळ्यांत मी अजून तिची चांगली मावशी होते.

"काही नाही," मी म्हटलं. "बऱ्या आहात ना?"

"बरी आहे."

त्या आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. रिक्षा थांबवली, कृतिकाची बॅग आत ठेवली, चालकाला सांगितलं की हिला स्टेशनच्या अलीकडच्या दारात सोड, पलीकडे चढायला त्रास होतो. रिक्षाला उलट वळायचं होतं आणि महामार्गाकडून गाड्यांची रांग लागली होती. कुणी थांबेना. तेव्हा मुकादम मॅडम रस्त्यात उतरल्या आणि समोरून येणाऱ्या टेंपोपुढे हात वर करून उभ्या राहिल्या. टेंपो करकचून थांबला. चालक काहीतरी ओरडला. त्या हलल्या नाहीत. आमची रिक्षा त्यांच्या अगदी जवळून वळली, हात लावता आला असता इतक्या जवळून. कृतिकाने हात हलवला तेव्हा त्या तिच्याकडे पाहून हसल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. आम्ही पूर्ण वळून मार्गी लागेपर्यंत मात्र त्या तशाच रस्त्यात उभ्या होत्या, टेंपो अडवून.